माशाच्या डॉक्टरने नेलेले १६,५९८ रुपये

आधी आकडा सांगते, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. मासा २२० रुपयांचा आणि त्याच्या औषधापायी गेले १६,५९८ रुपये. औषध आलंच नाही. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. 'ओटीपी कुणालाही सांगू नका' ही पाटी काउंटरच्या काचेवर मीच चिकटवलीय. आता सहकारी आधी पाटीकडे बघतात, मग माझ्याकडे. बघू देत. ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही. हे पोलीस ठाण्यात सांगितलं, बँकेत सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, इथंही सांगते.

मासा म्हणजे बेटा. दुकानदार ज्याला फायटर म्हणतात तो. लालभडक आणि तिखट स्वभावाचा, म्हणून मुलीनं नाव ठेवलं लवंग्या. आरसा दाखवला की गाल फुगवून अंगावर यायचा. सांगलीत विश्रामबागेत आमच्या हॉलच्या खिडकीत चार लिटरच्या काचेच्या भांड्यात असायचा. डिसेंबरात त्यानं खाणं सोडलं. आधी दाणा तोंडात घेऊन थुंकायचा, मग वर यायचंही बंद झालं. तळाशी पडून राहायचा. पोरगी शाळेतून आली की दप्तर न काढता भांड्यापुढं बसायची. परीक्षा तोंडावर आणि हिचं लक्ष माशात.

"ऑनलाइन कशाला गेलात?" असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहिते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले होते. तिथं गाय, म्हैस, शेळी, फार तर कुत्रं. "मासा? मासेवाल्या ऑफिसला जावा." मासेवाल्या ऑफिसात रोहू, कटला, मृगळ आणि शेततळं. तिथल्या बाई भल्या होत्या, पण शोभेच्या माशाचं आपल्याकडं काही नाही म्हणाल्या. खाजगी डॉक्टरांनी फोनवरच हात वर केले. मग रात्री साडेदहाला मोबाईलवर 'मासा जेवत नाही?' अशी जाहिरात दिसली, तर माणूस काय करणार होता?

पेजचं नाव देत नाही, कारण नाव बदलत राहतं. मी पैसे दिले तेव्हा एक होतं, तक्रार दिली तेव्हा दुसरं. फोटो मात्र तोच, पांढरा कोट घातलेला माणूस आणि मागे मोठी टाकी.

पेजवरचा 'डॉक्टर' फोनवर आला. "बोला ताई." आवाज मऊ, मराठी स्वच्छ. प्रश्न असे विचारले की कुणालाही पटावं. विष्ठा पांढरी आहे का, धाग्यासारखी आहे का? पोट फुगलंय का? अंगावर सोनेरी भुकटीसारखं काही दिसतं का? शेपटीच्या कडा झडल्यात का? आता कळतं की हे प्रश्न कुठल्याही माशांच्या पुस्तकात असतात आणि समोर कागद धरून वाचता येतात. तेव्हा वाटलं, चला, एक तरी माणूस भेटला. तपासणीचे २९९ रुपये पाठवले.

मग त्यानं फोटो मागितला. आणि इथं माझं डोकं अजून आपटावंसं वाटतं.

गडबडीत मी दिवाळीतला फोटो पाठवला. शेजारी पणती, लवंग्या गाल फुगवून उभा, शेपूट पूर्ण पसरलेली, रंग असा की नजर लागावी. ठणठणीत मासा. मिनिटाच्या आत उत्तर आलं : "ताई, ड्रॉप्सी आहे. थर्ड स्टेज. खवले उभे राहिलेत बघा. आपल्याकडे उद्या संध्याकाळपर्यंतचाच वेळ आहे."

खवले उभे! ड्रॉप्सीत अंगात पाणी साठतं आणि खवले सगळीकडून बाहेर येतात, वरून बघितलं तर पाइनच्या सुक्या फळासारखं दिसतं. ते आंधळ्यालाही हाताला लागेल. माझ्या फोटोतल्या माशाचं एक खवलं जागचं हललेलं नव्हतं. फोटो चुकला हे माझ्या लक्षात आलं, मी लिहिलं, "अहो डॉक्टर, हा जुना फोटो आहे, तेव्हा बरा होता." त्याचं उत्तर : "हो ताई, मी त्यातच सुरुवात पकडली. आताचा पाठवा, कन्फर्म करतो."

आणि माझ्या मनात काय आलं? की बाई, केवढा हुशार माणूस, निरोग्या फोटोतही ह्याला आजार दिसला!

तिथंच फोन ठेवला असता तर गेले असते फक्त २९९. त्या रात्री माझ्याजागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं, असं मी स्वतःला सांगते. पोरगी मांडीला चिकटून बसलेली, "आई, वाचेल ना गं?" म्हणत. पण ती ओळ मी अजून उघडून बघते. "मी त्यातच सुरुवात पकडली." काय जीभ म्हणायची!

तुम्हाला ताळा करायचा असेल तर हाच करा. कुणी ऑनलाइन डॉक्टर भेटला तर आधी त्याला मुद्दाम चुकीचा फोटो पाठवा.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, ह्या लोकांची रीत एकच. औषधाचं किट १,८५० रुपये. बर्फाच्या पेटीतलं कुरिअर २,४००, तेही 'परत मिळणारं डिपॉझिट'. मग पेटी कोल्हापुरात अडकली, परदेशी औषधाचा कर ३,७५०. बेरीज ८,२९९. एकदम ८,२९९ मागितले असते तर मी दारातही उभं केलं नसतं. पण २९९ दिलेला माणूस १,८५० ला मागं फिरत नाही, आणि १,८५० दिलेला २,४०० ला. पैसे पाठवताना ॲपवर परराज्यातल्या कुठल्यातरी बाईचं नाव येत होतं. विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंटंटच्या मिसेस. नोंदणी क्रमांक मागितला, तर शिक्का मारलेलं ओळखपत्र पाठवलं, त्यावर 'इंटरनॅशनल ॲक्वाटिक डॉक्टर'. पशुवैद्यकाची नोंदणी राज्य पशुवैद्यक परिषदेकडे असते आणि तो क्रमांक पडताळता येतो. हे मला नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच कळतंय, तर वापरा.

आणखी एक. "तुमच्याकडे हवेची मोटर नाही, म्हणून तो रात्रीत गुदमरेल," असं तो परत परत घाबरवत होता. बेटा पाण्यावर येऊन तोंडानं हवा घेतो, त्याच्या डोक्यात त्यासाठी वेगळा अवयवच असतो. त्याला मोटर लागतेच असं नाही. फायटर पाळणाऱ्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. 'डॉक्टर'ला नव्हतं.

पेटी आली नाही. मी पैसे परत मागितले. लगेच तयार! दुसरा माणूस बोलला, 'रिफंड डिपार्टमेंट'. स्क्रीन दिसणारं एक ॲप घ्यायला सांगितलं, ते मी घेतलं नाही. तेवढी अक्कल होती, लिहून ठेवा. मग त्यानं क्यूआर कोड पाठवला, "ताई, स्कॅन करा, ८,२९९ दिसतील, पिन टाका, खात्यात जमा." मी टाकला. ८,२९९ गेले.

पैसे येताना पिन लागत नाही. कधीच लागत नाही. हे मी रोज आजीबाईंना काउंटरवरून सांगते. त्या वेळी कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, पोरगी रडत होती, तो कानात बोलत होता, "लवकर करा, लिंक एक्स्पायर होईल." ज्यांना वाटतं की आपण फसणार नाही, त्यांनी एकदा अशा गोंधळात पिन टाकायची तयारी ठेवावी आणि मग बोलावं. "एंट्री उलटी पडली ताई, आता १६,५९८ चा कोड पाठवतो, सगळं एकदम येईल," असं तो म्हणाला तेव्हा मी फोन बंद केला.

त्याच मिनिटाला १९३० लावला. हा नंबर आत्ता फोनमध्ये साठवून ठेवा, नंतर शोधत बसू नका. सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, तक्रार घेतली गेली, पावती क्रमांक मेसेजवर आला. जितकं लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यातली रक्कम गोठण्याची शक्यता. माझे गोठले १,१४० रुपये. बाकीचे तोवर काढून झाले होते.

आता ते १,१४० मिळवण्याची गोष्ट ऐका. कोर्टातून आदेश आणावा लागेल असं मला सांगितलं. वकील म्हणाले, करू, फी दोन हजार.

बँकेत गेले. नाव घेत नाही, पण पगार त्याच खात्यात येतो. तिथले साहेब कॉम्प्युटरवरची नजर न हलवता म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार?" मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढून नेलं होतं. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा नाही, हे त्यात आहे. त्यांनी त्याच कागदावर खाली बोट ठेवलं. ग्राहकाच्या निष्काळजीपणानं गेलं तर कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाचं. कायदा त्यांना बरोबर पाठ. पण मग समोरचं खातं कुणाच्या कागदपत्रांवर उघडलं, ते कुठल्या बँकेनं तपासलं, हे विचारलं तर "ते आमच्याकडं नाही, मेल करा." मेल केला. उत्तर आलं, 'आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत.' गैरसोय! बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा असलं उत्तर दिलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार फुकट करता येते. मी केलीय.

आणि ठाणं. तिथं पहिला प्रश्न, "मासा खायचा का पाळायचा?" मागचे दोघं हसले. "पाळायचा," म्हटलं. "अवो बाई, मग दुसरा आणायचा की, दोनशेला मिळतोय." मी म्हटलं, साहेब, मासा हरवल्याची तक्रार नाही, पैसे गेल्याची आहे. तर म्हणे हे सायबरवाल्यांचं. सायबरवाले म्हणाले ऑनलाइन झालीय ना तक्रार, मग इथं कशाला? ऑनलाइन तक्रार पुढं का सरकत नाही विचारलं, तर म्हणे तुमच्या ठाण्यात विचारा. एकानं तर औषधाची फसवणूक म्हणजे औषध प्रशासनाकडं जा असं सुचवलं. औषध आलंच नाही तर ते तपासणार काय? दुसऱ्यानं खाजगीत सांगितलं, रक्कम लहान आहे हो, लाखांच्या केसेस पडल्यात. म्हणजे चोरानं रक्कम लहान ठेवली हीच त्याची हुशारी, आणि आम्ही सरकारी टेबलावर त्याला त्याचं बक्षीस देतोय. प्रत्येकाकडून आठ-आठ, सोळा-सोळा हजार घ्यायचे, कुणाचीच केस लाखाची होत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याला नोंदवावी लागते, हद्दीचं कारण चालत नाही. नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, हे स्पष्ट लिहिलंय, आणि तोंडावर सांगितलं की चेहरे बदलतात. लेखी पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी उठले होते. बाहेर रिक्षा थांबवलेली होती.

लवंग्याचं विचाराल. गणपती पेठेकडच्या दुकानदारानं, जिथून घेतला होता त्यानं, भांड्यात थर्मामीटर घातला. १९ अंश. "ताई, ह्याला थंडी वाजतीया, दुसरं काय न्हाई." फायटर गरम देशातला मासा, पाणी २५-२६ अंश हवं. गार पाण्यात त्याचं पचन मंदावतं, मग खाणं सुटतं. त्यात आम्ही न खाल्लेले दाणे तसेच ठेवत होतो, ते कुजून पाण्यात अमोनिया वाढतो. थर्मामीटर ८० रुपये, २५ वॅटचा हीटर ४५०. तापमान हळूहळू वाढवलं. पाणी एकदम सगळं न काढता पाव भाग बदललं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारे थेंब टाकून. दोन दिवस खायला काही नाही, मग एकच दाणा. आठवडाभर न खाल्लं तरी निरोगी बेटा त्यानं मरत नाही, म्हणून घाबरून रात्री साडेदहाला निर्णय घेऊ नका. माणसाच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नका. सांगलीच्या थंडीत भांडं खिडकीत ठेवू नका. ५३० रुपयांत मासा परत दाणा मागायला लागला. खवले खरंच उभे राहिलेले असते तर हे सगळं करूनही वाचला असता असं नाही, हेही दुकानदारानंच सांगितलं. फी घेतली नाही.

त्या पेजवर मागच्या आठवड्यात नवीन फोटो आलाय. 'आमच्या उपचारानंतर.' शेजारी पणती, गाल फुगवलेला, लालभडक. माझा लवंग्या, माझ्या हॉलमधली पणती. खाली लोक नंबर मागतायत. मी कळवलं, तर उत्तर आलं की या पोस्टमध्ये नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. मी खाली लिहिलं, मला ब्लॉक केलं.

सांगली, मिरज, कुपवाड, माधवनगर, कुठूनही असाल आणि ह्या पणतीवाल्या फोटोच्या पेजला पैसे दिले असतील, तर मला निरोप पाठवा. सायबरवाल्यांपैकी एक पोरगेलासा फौजदार म्हणाला, एकाच खात्याच्या पाच-सहा तक्रारी एकत्र आल्या तर वर पाठवता येईल. तेवढ्या जमल्या की एकत्र जाऊ. २९९ गेले असतील तरी चालतील. हसायचं ते मला हसून झालंय, तुमच्यावर फारसं उरणार नाही. येताना पावती क्रमांक, बँकेचा उतारा आणि आधारच्या दोन झेरॉक्स घेऊन या. ठाण्यातलं मशीन बंद आहे.