वेंगुर्ल्याची कांदळवन सफर : पाणी उतरताना जा

मांडवी खाडीतल्या कांदळवनातली, म्हणजे खारफुटीच्या जंगलातली, ही होडीची सफर आम्ही लागोपाठ दोनदा केली, कारण पहिली वाया गेली. उतरलो होतो त्या लॉजच्या मॅनेजरने (नाव घेत नाही) ऐन भरतीची वेळ ठरवून दिली. म्हणाला, फोटो छान येतात. फोटो आलेच, हिरवा पाला, निळं आभाळ, आणि मुळं सगळी पाण्याखाली. लग्नाला जाऊन नुसतं जेवून परत आल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात ओहोटीची वेळ विचारून घेतली. होडी महिला बचत गटाची, वल्ही बायकाच मारतात. इंजिन नाही, त्यामुळे खेकडा सरकला तरी कळतं. आमच्या होडीवरच्या ताईंनी आधी तिवराचं पान उलटं करून चाखायला दिलं. खारट! मुळांनी आत आलेलं मीठ हे झाड पानातून बाहेर टाकतं. कांदळाच्या शेंगा शेवग्यासारख्या लोंबत होत्या. खरं तर त्या शेंगा नव्हेतच, झाडावरच रुजलेली रोपं. पांढरी चिपीही दिसली. २०२० पासून तो आपला राज्य कांदळवृक्ष आहे.

मग काठावरच्या चिखलात वल्हं खुपसलं आणि सडक्या अंड्याचा भपकारा आला. सौ.ने पदर नाकाला लावला, मीही तोंड फिरवलं. ताई हसून म्हणाल्या, "मास्तर, नाक कित्याक धरतास? वास इलो म्हणजे चिखल जितो आसा."

कोल्हापुरात बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून हायड्रोजन सल्फाइड ओळखायला मला वल्हं लागलं! या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर ऑक्सिजन नाही. खालचे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात, त्यातून हा वास. ऑक्सिजनशिवाय कुजणं फार संथ. म्हणजे पानांनी हवेतून ओढलेला कार्बन गळलेला पाला आणि मेलेली मुळं यांच्या रूपाने चिखलात जातो आणि शतकानुशतकं पडून राहतो. सल्फेटवाल्या जिवाणूंपुढे मिथेन हा हवा तापवणारा वायू सोडणाऱ्यांचं फारसं चालत नाही, हा आणखी एक फायदा. आणि भरतीबरोबर येणारा गाळ मुळांत अडकून थरावर थर चढवत राहतो.

२०११ साली इंडो-पॅसिफिक भागातल्या खारफुटीची मोजणी प्रसिद्ध झाली होती. हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन, त्यातला बहुतेक मातीत. आकडा वेंगुर्ल्याचा नव्हे, पण त्याला ३.६७ ने गुणून कार्बन डायऑक्साइड किती होतो ते होडीतच काढलं. पावणेचार हजार टनांच्या वर. सौ. म्हणाली, "रिटायर झालात ना?"

पक्षी म्हणाल तर खंड्या दिसला, दोन बगळे दिसले. फक्त पक्ष्यांसाठी येणाऱ्यांनी अपेक्षा बेताची ठेवावी. मुळांत अडकलेल्या पिशव्या आणि बाटल्या मात्र पाहवत नाहीत. त्या भरतीबरोबर येतात, होडीवाल्या बायकांकडे त्याचा दोष नाही.

माझे दहापैकी नऊ गुण, एक डासांनी खाल्ला. पाणी उतरू लागलं की निघा. पूर्ण ओहोटीपर्यंत थांबलात तर होडी गाळात बसेल. बूट नकोत, रबरी चपला घाला, आणि पांढरी पँट तर अजिबात नको. माझी तीनदा धुतली, डाग तसाच आहे.