डिसेंबरात ट्राउट धरून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

हिमाचलात ट्राउटच्या नद्यांवर 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी पूर्ण बंद असते. एवढी एक गोष्ट आधी माहीत असती तर माझे 18,000 रुपये वाचले असते, म्हणून तीच सगळ्यात आधी सांगतोय.

फ्लाय फिशिंगचा, म्हणजे गळाला पिसं-दोऱ्याची खोटी माशी लावून मासे धरायचा, नाद मला चार वर्षांचा. पुण्यात घरी बसून या माशा बांधायच्या, रविवारी मैदानावर दोरी फेकायचा सराव करायचा. नोव्हेंबरात एका ग्रुपवर जाहिरात दिसली: तीर्थन खोरं, ‘विंटर ट्राउट स्पेशल’, दोघांचे 32,000, त्यात राहणं, गाइड, वेडर्स (पाण्यात उतरायचे जलरोधक पँट-बूट), परवाना सगळं. फोन केला तर पलीकडून घरच्यासारखं मराठी. “दादा, थंडीत मासा डोहात तळाला बसतो. निम्फ तळालगत हळू जाऊ द्यायची, घेतोच.” निम्फ म्हणजे पाण्याखाली बुडणारी खोटी माशी. यात खोटं काहीच नव्हतं. पाणी गार झालं की ट्राउट मंदावतो, भक्ष्यामागे धावत नाही. माणसाला विषय कळतो म्हटल्यावर मी निर्धास्त झालो.

क्यूआर कोडवर 18,000 आगाऊ भरले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर परवाना आला. माझं नाव, गोल शिक्का, मुदत 1 ते 31 डिसेंबर. सही नव्हती. विचारलं तर म्हणाला, “दादा, आता सगळं ऑनलाइन झालंय.”

मी आणि मेहुणा दिल्लीहून रात्रीच्या बसने निघून पहाटे औटला उतरलो, तिथून लारजी, बंजार करत गुशैणी. सांगितलेल्या होमस्टेत आमच्या नावाचं बुकिंगच नव्हतं. गाइडचा फोन बंद. मालकांनी आमच्या रॉडच्या नळ्या पाहिल्या आणि म्हणाले, “भाईजी, अभी तो नदी बंद है.” परवाना दाखवला, तो त्यांनी नीट वाचून न बोलता परत दिला. मग आम्हाला नदीवर घेऊन गेले.

पाणी उतरलेलं, तळ स्वच्छ दिसत होता. काठापासून दोन-तीन हातांवर शेवाळलेल्या गोट्यांमध्ये परातीएवढी जागा घासल्यासारखी उजळ झाली होती. तिथे ब्राउन ट्राउटची मादी कुशीवर होऊन शेपटी आपटत होती, खडे उडवून खळगा करत होती. नर जरा मागे थांबलेला. त्या खड्यांखाली अंडी घातली जातात आणि पिल्लं वर यायला कित्येक आठवडे लागतात. बंदी असते ती यासाठी. गाइड खरोखर आला असता तर आम्ही वेडर्स चढवून नेमकं त्यावरूनच चालत गेलो असतो. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण हे मला जास्त लागलं.

संध्याकाळी गाइडने फोन उचलला. मुलगा अ‍ॅडमिट आहे, चार दिवसांत सगळे पैसे परत करतो म्हणाला. आम्ही थांबलो, इथे चुकलो. पाचव्या दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तोवर त्या खात्यातून पैसे पुढे गेले होते. असा संशय आला तर त्याच तासाला 1930 फिरवा, समोरच्याची अडचण ऐकत बसू नका. आणि परवाना मत्स्यविभागाकडूनच घ्या. मधल्या माणसाने काढला असेल तर पैसे देण्याआधी विभागाच्या कार्यालयात फोन करून नाव आणि तारखा पडताळा.

घरी आल्यावर जाहिरातीतला फोटो मोठा करून पाहिला. ट्राउटच्या पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, एक छोटा मांसल पर असतो. फोटोतल्या माशाला तो नव्हता. अमेरिकेच्या वायव्य भागात पैदास केंद्रातल्या स्टीलहेडचा (समुद्रात जाऊन परतणाऱ्या ट्राउटचा) हा पर ओळखीसाठी कापतात. मासा बहुधा तिकडचाच, हिमाचलचा नव्हे.

परवा तोच फोटो दुसऱ्या ग्रुपवर आला. ‘जानेवारी स्पेशल, तीर्थन.’ नंबर नवा आहे.