मिररलेस कॅमेरा दुर्बिणीला जोडून अकरा महिने: वापरानंतरचा अनुभव

अकरा महिन्यांपूर्वी जुना डीएसएलआर कपाटात ठेवला आणि मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली, कॅमेरा बॉडी दुर्बिणीला जोडली. एपीएस-सी आकाराचा सेन्सर, २४ मेगापिक्सेल, आतला फिल्टर मुळात होता तसाच. दुर्बीण ८० मिमी व्यासाची आणि ४८० मिमी नाभीय अंतराची अपवर्तक (भिंगांची), म्हणजे एफ/६. खाली आकाशाबरोबर फिरणारा इक्वेटोरियल माउंट, आणि तो बरोबर फिरतोय ना हे ताऱ्यावरून तपासत राहायला (गाइडिंगला) ५० मिमीची छोटी दुर्बीण. ढग आणि चंद्र दोन्ही नसलेली जवळजवळ प्रत्येक रात्र या जोडीबरोबर काढली. कॅमेरा मला मनापासून आवडतो. पण आवडायला चार महिने लागले, कारण तोवर त्याची सगळी हुशारी चालू ठेवूनच मी फोटो काढत होते.

फोकसचं सुख मात्र पहिल्या रात्रीपासून मिळालं. डीएसएलआरलाही लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर थेट दृश्य, होता, पण त्यात मंद तारे दिसतच नसत. आधी एखादा ठळक तारा गाठायचा, तिथे फोकस करायचा, मग माउंट पुन्हा मूळ जागी फिरवायचा. नव्या बॉडीत अंधारातलं दृश्य उजळून दाखवण्याची सोय आहे, त्यामुळे ज्या भागाचा फोटो काढायचा त्याच भागातला साधा तारा मोठा करून फोकस होतो. दुर्बिणीच्या तोंडावर बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे खाचा पाडलेली चकती, लावते. पावेल बाहतिनोव्ह या रशियन हौशी छायाचित्रकाराने २००५ साली तो शोधला आणि तेव्हापासून फोकसचा अंदाजपंचे कारभार संपला. ताऱ्याभोवती तीन रेघा उमटतात, मधली रेघ बाकी दोघींच्या बरोबर मध्ये आली की काम झालं. कॅमेऱ्यातल्या फोकस पीकिंगवर, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवण्याच्या सोयीवर, विसंबू नका. तारा थोडा फुगलेला असला तरी ते त्याला रंगवून मोकळं होतं. आणि एकदा फोकस केला म्हणजे रात्रभराची निश्चिंती असं समजू नका. नळी थंड होऊन आकसते, फोकस सरकतो. मी दर तासाला मास्क लावून बघते.

जोडणीत माझा सगळ्यात मोठा गैरसमज होता. मिररलेसमध्ये आरसा नाही, म्हणून लेन्स बसते ती कडी आणि सेन्सर यांच्यातलं अंतर फार कमी असतं. बहुतेक बॉडींत १६ ते २० मिमी, डीएसएलआरमध्ये ते ४४ मिमीच्या पुढे. मला वाटलं, हा फायदा आपोआप मिळेल. तसं होत नाही. कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या कडीची, म्हणजे टी-रिंगची, व्यवस्थाच अशी आहे की तिच्या पुढच्या ४२ मिमीच्या आट्यांपासून सेन्सरपर्यंत एकूण ५५ मिमी भरावेत. त्यामुळे मिररलेससाठीची टी-रिंग तेवढीच लांब बनवतात आणि वाचलेली जागा तीच खाऊन टाकते. माझ्या दुर्बिणीला हे सोयीचं पडलं, कारण फील्ड फ्लॅटनरला (कोपऱ्यांपर्यंत तारे नेमके ठेवणाऱ्या जोडभिंगाला) सेन्सरपर्यंत नेमके ५५ मिमीच हवे असतात. ज्यांच्या न्यूटनियन (आरशाच्या) दुर्बिणीत डीएसएलआर लावून फोकस कधीच मिळाला नाही, त्यांनी आखूड अडॅप्टर शोधावा. तिथे मिररलेस खरंच वाचवतो.

हे ५५ मिमी मनावर घ्या. मी मध्ये २ मिमी जाडीचा फिल्टर टाकला आणि अंतर तेच ठेवलं. कोपऱ्यातले तारे लांबुळके आले. काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश इतका फोकस मागे सरकतो, म्हणजे पाऊण मिमीच्या आतबाहेर; तेवढी पातळ चकती मध्ये घातल्यावर कोपरे सुधारले. शिवाय कॅमेरा नळीत सरकवून स्क्रूने आवळण्याऐवजी आट्यांनी बसवा. स्क्रू एका बाजूने दाबतो, सेन्सर किंचित कलतो आणि फोटोची एकच बाजू मऊ येते. या एका बाजूपायी मी तीन आठवडे दुर्बिणीच्या भिंगांवर संशय घेत होते.

आता हुशारीबद्दल, कारण नव्याने घेणाऱ्याला हेच आधी कळायला हवं. दिवसाच्या फोटोसाठी कॅमेरा आपल्या नकळत बरंच काही नीट करून देतो. रात्री त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आड येते. पहिलं म्हणजे लेन्स नसताना शटर उडू द्यायची परवानगी मेनूत द्यावी लागते, नाहीतर कॅमेरा ढिम्म हलत नाही. सेन्सर हलवून स्थिर चित्र देणारी यंत्रणा बंद करा. माउंट आकाशाबरोबर फिरत असताना सेन्सरने स्वतंत्र हालचाल करायची काहीच गरज नाही. लांब एक्स्पोजरचं नॉइज रिडक्शनही बंद, कारण दोन मिनिटांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी दोन मिनिटं झाकल्या शटरने बसून राहतो आणि अर्धी रात्र तिथेच जाते.

यापेक्षा लपलेल्या दोन गोष्टींनी मला जास्त छळलं. लेन्सच्या कडांचा अंधार भरून काढणारी सुधारणा काही बॉडींत रॉ फाइललाही, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीलाही, लागते. स्टॅक केलेला (अनेक फ्रेम्स एकत्र करून बनवलेला) फोटो ताणला, म्हणजे त्यातला मंद भाग उजळला, की मध्यापासून बाहेर जाणारी रंगीत वर्तुळं दिसायला लागतात. मला ती दिसत होती आणि मी फ्लॅट्स, म्हणजे कडांचा अंधार आणि धुळीचे डाग घालवायला काढलेले एकसारख्या उजेडाचे फोटो, पुन्हा पुन्हा काढत होते. दुसरी गोष्ट म्हणजे तारे खाल्ले जाणं. काही मॉडेल्समध्ये काही सेकंदांपलीकडच्या एक्स्पोजरवर एकटे पडलेले ठळक पिक्सेल दोष समजून पुसले जातात, आणि बारीक तारा सेन्सरवर अगदी तसाच दिसतो. घेण्याआधी त्या मॉडेलच्या लांब एक्स्पोजरच्या रॉ फाइल कुणाकडून तरी मागून घ्या आणि शंभर टक्के मोठ्या करून तपासा. मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षा ही तपासणी महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत आहे.

बॅटरीचं सांगायचं तर, कॅमेऱ्याची स्वतःची बॅटरी मी रात्री वापरतच नाही. स्क्रीन आणि सेन्सर सतत जागे असल्याने ती झपाट्याने उतरते, थंडीत आणखीच. डमी बॅटरी (बॅटरीच्या आकाराचा, वायर जोडलेला ठोकळा) घालून बाहेरून वीज द्या. सेन्सर तापतो हेही लक्षात असू द्या. तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की डार्क करंट, म्हणजे उजेड नसतानाही सेन्सरवर उमटणारा खोटा संकेत, दुप्पट होतो. म्हणून फ्रेमिंग संपलं की स्क्रीन बंद करते, आणि हा संकेत वजा करायला लागणाऱ्या डार्क फ्रेम्स (तोंड झाकून काढलेले फोटो) त्याच रात्री, सामान आवरण्याच्या आधी काढते. अंतर्गत टायमर माझ्या बॉडीत ३० सेकंदांवर थांबतो, पुढे बल्ब (हवा तितका वेळ शटर उघडं ठेवण्याची सोय) आणि बाहेरचा रिमोट. आरसा नसल्याने सेन्सर उघडा पडतो आणि धूळ फार लवकर बसते, तेव्हा जोडणी बदलताना कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे ठेवा.

फोटोंकडे येते. देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१, या सेन्सरवर जेमतेम मावते; ४८० मिमीवर चौकट २.८ अंश रुंद आहे आणि दीर्घिकेचा पसारा ३ अंशांच्या आसपास. मी ती चौकटीत तिरपी बसवली. १२० सेकंदांच्या ९० फ्रेम्स, म्हणजे ३ तास, आयएसओ ८००. दर काही फ्रेम्सनी डिदरिंग केलं, म्हणजे चौकट किंचित सरकवली, आणि सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केलं. काळे धुळीचे पट्टे वर आले तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. २५ लाख प्रकाशवर्षांवरचा तो उजेड आपल्या छतावरच्या नळीत शिरून आपल्या फाइलमध्ये उतरलेला असतो. या भावनेची मला अजून सवय झालेली नाही आणि व्हायलाही नको.

मृगातल्या तेजोमेघासाठी दोन वेगळे एक्स्पोजर घ्या. १२० सेकंदांत पंख सुंदर येतात, पण मधला चार ताऱ्यांचा गाभा पांढराफटक होतो. त्यासाठी १० सेकंदांच्या २०-३० फ्रेम्स वेगळ्या काढून मिसळाव्या लागतात. चंद्रासाठी इलेक्ट्रॉनिक शटर उत्तम, कंप शून्य. पौर्णिमेला आयएसओ १०० वर १/२५० सेकंदाच्या जवळपास पुरतं, पण खरी मजा अष्टमीच्या चंद्रात, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात तेव्हा. ग्रहांसाठी मात्र या जोडीच्या वाटेला जाऊ नका. गुरू सगळ्यात मोठा दिसतो तेव्हाही माझ्या सेन्सरवर तो ३० पिक्सेलच भरतो. आणि सूर्याकडे नळी वळवायची असेल तर तोंडावर खात्रीचा सौर फिल्टर आधी लावायचा, मगच नळी फिरवायची. मिररलेसमध्ये सेन्सर सदैव उघडा असतो, क्षणभराची चूकही त्याला जाळू शकते.

एक उणीव राहतेच. सेन्सरपुढचा मूळ फिल्टर हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा मोठा भाग अडवतो. घोड्याच्या डोक्याच्या तेजोमेघावर मी ५ तास घातले. डोकं आलं, मागचा लाल पडदा मात्र फिकट विटकरीच राहिला. फिल्टर काढून घेता येतो, पण मग दिवसाच्या फोटोंचे रंग बिघडतात आणि हीच बॉडी घरात सगळे वापरतात. म्हणून मी तो तसाच ठेवलाय आणि लक्ष्यं बदलली आहेत. कृत्तिकांभोवतीची धूळ ताऱ्यांचा निळा प्रकाश परावर्तित करते, त्या निळ्याला हा फिल्टर आडवा येत नाही. आतापर्यंत तिथे ४ तास जमलेत. त्यातल्या मेरोपी ताऱ्याभोवतीचे निळे पदर सुटे दिसू लागलेत, आणि नॉइज निम्म्यावर आणायचा तर एकूण १६ तास लागतील. पुढची अमावास्या त्यासाठीच राखून ठेवली आहे.