शेताची वाट अडली: कलम 143, मामलेदार कोर्ट की दिवाणी दावा?

पेरणीच्या तोंडावर बांधावर काट्या पडतात, कुणी चर खणतो, कुणी तारेचं कुंपण घालतो आणि इतकी वर्षं ट्रॅक्टर जात होता ती वाट बंद होते. अडवणारा बहुधा परका नसतो. भावकीतला असतो, नाहीतर बांधाला बांध असलेला शेजारी. हंगाम वाया जायची धास्ती असल्यामुळे माणूस तहसील कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडे जातो आणि तो पुढे करील त्या कागदावर सही करतो. बरीच प्रकरणं तिथेच बिघडतात. महाराष्ट्रात शेतरस्त्याच्या तक्रारीला कायद्याने निदान तीन वेगळे मार्ग ठेवले आहेत. एकाकडे जे मागता येतं ते दुसऱ्याकडे मागता येत नाही, आणि मुदतीही वेगवेगळ्या आहेत.

म्हणून कलम निवडण्याआधी एका प्रश्नाचं खरं उत्तर स्वतःला द्यायला हवं: वाट आधी होती आणि अडवली, की वाट नव्हतीच आणि आता हवी आहे?

वाट होती, ती अडवली

अशा वेळी मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चं कलम 5 लागू पडतं. शेतजमिनीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या किंवा वहिवाटीच्या वाटेच्या वापरात कुणी बेकायदा अडथळा आणला, तर तहसीलदार मामलेदार न्यायालय म्हणून दावा चालवतो आणि मनाई हुकूम देऊ शकतो. इथे मालकी कुणाची याचा निवाडा होत नाही. वाट वापरात होती का, ती अडवली का आणि कधी अडवली, एवढंच पाहिलं जातं. कामाचा आवाका लहान असल्यामुळे निकाल लवकर लागण्याची आशा असते.

अडचण मुदतीची आहे. अडवणूक झाल्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो आणि अर्जात ती तारीख लिहावी लागते. ‘शेजारी नेहमीच त्रास देतो’ असं मोघम लिहिलं, की समोरच्या वकिलाचं काम तिथेच झालं. आणि हे सहा महिने बहुतेकांचे बोलाचालीत जातात. सरपंच बसवतात, मामा मध्ये पडतात, ‘दिवाळीनंतर बघू’ होतं. दिवाळीनंतर शेजारी काही बघत नाही आणि मुदत संपलेली असते. समेटाची बोलणी जरूर करावीत, पण मुदतीवर डोळा ठेवून. दावा दाखल केल्यावरही तडजोड करता येते.

या निकालावर अपील नाही. पुनरीक्षण अर्ज (निकाल वरच्या अधिकाऱ्याने तपासावा अशी मागणी) करता येतो, तो बहुतेक ठिकाणी प्रांताधिकाऱ्यांपुढे चालतो. शिवाय ज्याला निकाल पटला नाही त्याला दिवाणी न्यायालय मोकळं असतंच, आणि तिथला निर्णय मामलेदाराच्या हुकमावर चढ ठरतो. म्हणजे हातात मिळतो तो चालू हंगाम वाचवणारा हुकूम. कायमचा हक्क त्यातून सिद्ध होत नाही.

वाट नव्हतीच, आता हवी आहे

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 143 याच गरजेसाठी आहे. एका गटाच्या धारकाला दुसऱ्या गटांच्या हद्दीवरून जाण्याचा हक्क आहे का, हे तहसीलदार चौकशी करून ठरवतो. ठरवताना शेतकऱ्याला शेतात जाण्यासाठी वाजवी वाट लागते ही गरज लक्षात घ्यायची, असं कायद्यातच लिहिलं आहे.

‘हद्दीवरून’ हा शब्द अधोरेखित करून ठेवा. या कलमाखाली रस्ता बांधावरून मिळतो, शेजाऱ्याच्या वावराच्या मधून कापून मिळत नाही. दोन गटांच्या सामाईक हद्दीवरून जाणारा रस्ता सहसा दोन्हीकडची थोडी थोडी जमीन घेतो, त्यामुळे भार एकाच्याच डोक्यावर पडत नाही. मधून गेलं तर अंतर निम्मं होईल, हा युक्तिवाद अर्जदाराला फार पटतो. पण तहसीलदाराने तसा हुकूम दिला तर अपिलात तो टिकवणं अवघड जातं. सरळ रस्त्याच्या हव्यासापायी मिळालेला रस्ता घालवू नये.

स्थळ पाहणीत ठरावीक गोष्टी बघितल्या जातात. दुसरा रस्ता खरंच नाही ना? जमिनीचे आधीचे मालक कुठून जात होते? जवळचा मार्ग कोणता आणि कोणत्या मार्गाने शेजाऱ्याचं नुकसान कमी होईल? दुसरा रस्ता असेल पण लांबचा किंवा चिखलाचा असेल, तर तो लपवू नका. समोरचा तो दाखवणारच. त्यापेक्षा बैलगाडी किंवा ट्रॅक्टर तिथून का जात नाही, हे फोटोसह दाखवलेलं बरं.

या निकालाविरुद्ध दोन वाटा आहेत: प्रांताकडे 60 दिवसांत अपील, किंवा एका वर्षाच्या आत दिवाणी दावा. दावा दाखल झाला की त्या निर्णयावर महसुली अपील किंवा पुनरीक्षण चालत नाही.

सगळ्यात सर्रास दिसणारी गडबड म्हणजे एकाच अर्जात दोन्ही कलमं घालणं. ‘कलम 143 व मामलेदार न्यायालय अधिनियम कलम 5 अन्वये रस्ता मिळणेबाबत’ असा विषय लिहून काही जण मोकळे होतात. अर्जातली एक ओळ म्हणते वाट पूर्वापार आहे, पुढची म्हणते वाट नाही, द्या. असा अर्ज स्वतःच स्वतःला खोटा पाडतो. वाट होती हे सिद्ध करता येत असेल आणि सहा महिने उलटले नसतील, तर कलम 5. पुरावा कच्चा असेल किंवा मुदत गेली असेल, तर 143 किंवा दिवाणी न्यायालय.

कायमचा हक्क हवा असेल

दिवाणी न्यायालयात आधार असतो भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 चा. सुविधाधिकार म्हणजे आपल्या जमिनीच्या उपयोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला हक्क, जसा वाटेचा. त्यातली दोन कलमं इथे कामाची.

कलम 15 म्हणतं, वीस वर्षं उघडपणे, शांततेत, खंड न पडता आणि हक्काने वापरलेल्या वाटेवर कायमचा अधिकार मिळतो. जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं. आणि ही मुदत दावा दाखल करण्याच्या आधीच्या दोन वर्षांपर्यंत चालत आलेली असावी लागते. म्हणजे आजोबांच्या काळात वीस वर्षं जात होतो, मग पंधरा वर्षं गेलो नाही, हे चालत नाही.

यातला ‘हक्काने’ हा भाग लोक हलक्यात घेतात. शेजाऱ्याने ‘जा की, आपलंच आहे’ म्हणून वाट दिली आणि आपण त्याच्या मेहरबानीने गेलो, तर तो परवाना झाला. परवानगीने केलेला वापर चाळीस वर्षं चालला तरी त्यातून हक्क उभा राहत नाही, आणि परवाना सहसा केव्हाही काढून घेता येतो. त्याहून मोठी गोम म्हणजे शेजाऱ्याने जमीन विकली, तर नवा मालक त्या परवानगीने बांधला जात नाही. गावात चांगुलपणाने दिलेल्या वाटा दुसऱ्या पिढीत किंवा विक्रीनंतर बंद होतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. उलट सुविधाधिकार एकदा सिद्ध झाला की तो जमिनीला चिकटतो, मालक कितीही बदलोत.

कलम 13 गरजेच्या वाटेबद्दल आहे आणि भावकीच्या वादात ते सर्वांत जास्त उपयोगी. एकाच मालकाच्या जमिनीची वाटणी झाली किंवा तिचा तुकडा विकला गेला, आणि एका हिश्शाला दुसऱ्या हिश्शातून गेल्याशिवाय पोचताच येत नाही, तर तिथून वाट मिळते. इथे वीस वर्षं मोजायची गरज नाही. पण गरज म्हणजे सोय नव्हे. दुसरीकडून जाता येत असेल तर हा आधार टिकत नाही, आणि पुढे दुसरा रस्ता झाला तर हक्कही संपतो. चौघा भावांत वाटणी झाली असेल, तर नवा अर्ज लिहिण्याआधी जुनं वाटणीपत्र शोधा. कधी कधी त्यातच ‘येण्या-जाण्याचा हक्क सर्वांना’ अशी ओळ असते आणि निम्मं भांडण तिथे मिटतं.

दिवाणी दाव्याचा तोटा सर्वांना ठाऊक आहे: वेळ आणि वकिलाची फी. तात्पुरता मनाई हुकूम मिळाला तर हंगाम निभावतो, नाही मिळाला तर पुढची काही वर्षं डोक्यावरून भारे वाहायची तयारी ठेवावी लागते. तरी काही प्रकरणांत दुसरा पर्यायच नाही. गावठाणातल्या घरामागची सामाईक बोळ शेजाऱ्याने भिंत घालून अडवली, तर ती शेताची वाट नव्हे. तिथे दिवाणी न्यायालयाचंच दार ठोठवावं लागतं.

वाट गाव नकाशावर असेल तर

मग वाद पुष्कळ सोपा होतो. नकाशावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा धरतात, एकेरी तुटक रेषेची पायवाट सव्वाआठ फुटांची. असा रस्ता कुणी नांगरून शेतात मिळवला असेल, तर तो अतिक्रमणाचा विषय आहे. नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून आधीच काढा; ती न बघता दावा लावणं म्हणजे घर धुंडाळण्याआधी चोरीची फिर्याद देणं.

तडजोड, पण कागदावर

माझा कल इकडे आहे. शेजारी म्हणून पुढची वीस वर्षं त्याच माणसासोबत काढायची असतात, आणि अडवणाऱ्याचंही काही खरं दुखणं असतं. ऊसतोडीच्या वेळी भरलेले ट्रक गेले की बांध ढासळतो, पाट फुटतो. रस्ता दिला म्हणजे जमीन गेली, अशी भीती तर फारच पसरलेली आहे. 143 च्या हुकमाने फक्त जाण्याचा हक्क मिळतो, मालकी शेजाऱ्याचीच राहते, एवढं नीट समजावलं तरी काही माणसं नरमतात. अवजड वाहनं कधी न्यायची, पाइपलाइन कुठून ओलांडायची, मुरूम कुणी टाकायचा, हे ठरवता येतं. असे तपशील कोणताही तहसीलदार हुकमात लिहून देत नाही.

मात्र साध्या स्टँपवर दोघांच्या सह्या, हा कागद भांडण तात्पुरतं थांबवतो, हक्क देत नाही. वाटेचा हक्क द्यायचा तर नोंदणीकृत दस्त करा. वाटेपुरती पट्टी विकतच घ्यायची असेल तर तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकायची मनाई, आड येते. शेतरस्त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने असा छोटा तुकडा घेण्याची सोय 2024 च्या नियमांत झाली आहे. दावा चालू असेल तर लोकअदालतीत तडजोड करणं त्याहून बरं. तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं.

पोलीस ठाण्यात जाण्याबद्दल थोडक्यात: मारामारीची भीती असेल तर जा, पण रस्ता तिथून मिळणार नाही.

कोणताही मार्ग निवडला तरी फाईल तीच लागते: दोन्ही बाजूंचे ताजे सातबारे, गाव नकाशा, मोजणी झाली असेल तर तिचा नकाशा, हद्दीला लागून असलेल्या सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते, वाटेचे जुने-नवे फोटो. एखादा हिस्सेदार नोटीस न मिळता राहून गेला, तर पुढे तोच ‘माझं ऐकलंच नाही’ म्हणत अपिलात उभा राहतो आणि प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. त्यामुळे समोरच्यांची यादी अर्ज लिहिणाऱ्यावर सोडू नका, आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि फेरफार (हक्कातल्या बदलांच्या नोंदी) बघून स्वतः करा.

हुकूम हातात आल्यावरही दोन कामं उरतात. पहिलं म्हणजे मंडळ अधिकाऱ्याकडून जागेवर अंमलबजावणी आणि तिचा पंचनामा; गरज वाटली तर पोलीस बंदोबस्तही मागता येतो. दुसरं म्हणजे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात रस्त्याची नोंद. मे 2025 च्या शासन निर्णयाने शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद या रकान्यात घ्यावी, असं ठरवलं आहे. ही नोंद झाली नाही, तर शेजाऱ्याची जमीन विकत घेणाऱ्याला सातबारा कोरा दिसतो आणि कुंपणाचे खांब तो दुसऱ्याच दिवशी आणून टाकतो.