रानमेव्याच्या गटाला पैसा कुठून आणायचा: वनधन की पीएमएफएमई?

नुसत्या आकड्यांकडे पाहिलं तर पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना, वरचढ आहे. वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान. गटाने सामायिक सुविधा उभारली तर मर्यादा ३ कोटींपर्यंत. वनधन ही वनउपज गोळा करणाऱ्या आदिवासी गटांसाठीची केंद्राची योजना; तिच्यात एका केंद्राला ३०० सभासदांमागे १५ लाख, म्हणजे माणशी पाच हजार. गडचिरोलीतल्या कोरची भागात मोहफूल आणि जांभूळ गोळा करणाऱ्या बायकांसोबत काम करताना आम्हीही आधी पीएमएफएमईचीच फाईल केली.

या योजनेचं एक खरंच चांगलं आहे. योजनेने नेमलेली जिल्हा संसाधन व्यक्ती प्रकल्प अहवाल करून देते, त्यासाठी अर्जदाराला पैसे मोजावे लागत नाहीत. शिवाय अन्नप्रक्रिया आधीच करत असलेल्या बचत गटांना सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल मिळतं, तेही ग्रामीण भागात 'उमेद' या राज्याच्या जीवनोन्नती अभियानामार्फत. एवढाच भाग हवा असेल तर बिनधास्त घ्या.

अडचण पुढे आहे. भांडवली अनुदान कर्जाला जोडलेलं आहे. कर्ज मंजूर झालं तरच अनुदान, आणि तेही तीन वर्षं बँकेतल्याच वेगळ्या खात्यात पडून राहतं. कर्ज काढायला आम्ही तयार होतो. शाखेत पहिला प्रश्न आला, सातबारा कुणाच्या नावावर? बायकांकडे सातबारा नव्हता, वनपट्टा होता. म्हणजे २००६च्या वनहक्क कायद्याने मिळालेला वनजमिनीवरच्या हक्काचा कागद. त्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करायचा असं स्पष्ट आहे, त्यामुळे अनेकींसाठी जमिनीच्या कागदावर नाव लागण्याची ही पहिलीच वेळ. त्याच कायद्याने ही जमीन वारसाने मिळते, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मग बँक ती तारण कशी धरणार? सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची हमी आहे, तारणाशिवाय कर्ज देता येतं, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगितलं. शाखेतून उत्तर एकच, 'दुसरा कुणी जामीनदार आणा.' ज्या कागदाने त्यांना जंगलावर हक्क दिला, तोच तिथे निरुपयोगी ठरला. त्यातून मोहफूल पडतं मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हा बँकेत मार्च एंड. कदाचित तुमची शाखा समजूतदार असेल. आमच्यापुरता निर्णय तिथेच झाला.

वनधनमध्ये कर्जच नाही, म्हणून तारणही नाही. राज्यात हे काम शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळामार्फत चालतं. त्रासही आहेत. पंधरा-वीस गट एकत्र आणून ३०० नावं जुळवणं सोपं नाही, पैसा हप्त्यांनी येतो, यंत्रं बऱ्याचदा वरून ठरून येतात. आम्हाला मिळालेलं गर काढण्याचं यंत्र थ्री फेजवर चालणारं निघालं, गावात सिंगल फेज. पण खरेदीसाठी हातात थोडा पैसा आला, आणि त्यानेच फरक पडला. हंगामात पैशाची निकड असली की बायका मोहफूल अर्धवट वाळलेलंच विकायच्या. ओल राहिली की फूल काळं पडतं आणि व्यापारी भाव पाडतो. आता गट तेच फूल नीट वाळवून पावसाळ्यापर्यंत ठेवतो, आणि आमच्या अनुभवात तेव्हाचा भाव बरा असतो. २०२१मध्ये राज्याने मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले, तेही इथे उपयोगी पडलं.

गटात कातकरी, कोलाम किंवा माडिया गोंड कुटुंबं असतील तर पीएम-जनमन या अतिमागास आदिवासी गटांसाठीच्या केंद्राच्या योजनेतल्या वनधन केंद्राची चौकशी आधी करा. उलट सातबारा आहे, दोन-तीन वर्षांचा धंदा वहीत दिसतो आणि मोठी यंत्रसामग्री हवी आहे, तर पीएमएफएमई नक्कीच बघण्यासारखी. आम्हीही वनधनचा हिशेब नीट बसला की तिकडे जाण्याचा विचार करतोय. तुम्ही जाणार असाल तर अहवाल लिहायला घेण्यापूर्वी शाखाधिकाऱ्यांना भेटून वनपट्टा चालतो का, हे आधी विचारा. हो म्हणाले तर त्याच भेटीत कागदपत्रांची यादी लेखी मागून घ्या.