अवघड जागेचं दुखणं आणि ३१ नंबर

तीन स्टार. फिजिओ क्लिनिकसाठी लेडीज पेल्विसचं, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याचं, मॉडेल ऑनलाइन मागवलं, नर्व्ह आणि लिगामेंट दाखवणारं, स्नायू चुंबकाने सुटे होतात ते. हाडं मस्त, इस्कियल स्पाइन (बसायच्या हाडाच्या वरचं टोक) बोटाला नीट लागतो, पॅकिंग चांगलं. चुंबक जरा ढिले आहेत, चालतंय.

तक्रार एकाच नंबरची. चार्टवर ३१ म्हणजे 'आल्कॉक्स कॅनाल', आणि मॉडेलवर ३१ चा ठिपका कुठे, तर ऑब्ट्युरेटर फोरॅमेनच्या, म्हणजे हाडातल्या मोठ्या भोकाच्या, वरच्या टोकाला! अहो तो ऑब्ट्युरेटर कॅनाल, त्यातली नर्व्ह मांडीच्या आतल्या बाजूला जाते. आल्कॉकचा कॅनाल हे हाडातलं भोक नाहीच, बसायच्या हाडाच्या आतल्या अंगाला ऑब्ट्युरेटर इंटर्नस स्नायूवर जो फॅशिया, म्हणजे पातळ आवरण, असतो त्यातला बोगदा आहे तो, प्युडेंडल नर्व्ह, म्हणजे गुप्तांगाकडे जाणारी नस, पेल्विसच्या बाहेर पडते, इस्कियल स्पाइनला वळसा घालून परत आत वळते आणि त्यात शिरते, सोबत रक्तवाहिन्या. ही नर्व्ह तिथे दबते, म्हणूनच बसलं की दुखतं, उभं राहिलं की कमी, आणि कमोडवर बसलं तर बरं वाटतं. हे शेवटचं पेशंट आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

नावाने हा घोळ होतोच म्हणा. बेंजामिन आल्कॉक हा आयरिश माणूस, 1836 मध्ये त्याने याचं वर्णन केलं, पुढे कॉर्कला प्रोफेसर झाला, मृतदेहांच्या पुरवठ्यावरून भांडण होऊन नोकरी गेली, मग अमेरिकेला गेला आणि तिथून पत्ताच नाही. पुस्तकी नाव प्युडेंडल कॅनाल, तर त्याचं मूळ लॅटिन 'लाज वाटणे'. 2019 च्या अ‍ॅनाटॉमीच्या अधिकृत यादीतून 'पुडेंडम' (बायकांच्या बाहेरच्या जननेंद्रियाचं नाव) काढलं, नर्व्ह मात्र लाजरीच ठेवली. आपल्याकडे तरी काय, 'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर'.

विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं, 'रिटर्नची मुदत संपली'. मग मीच पिवळ्या नर्व्हवरून मायक्रोपोर टेपची पट्टी चिकटवली, झाला फॅशिया, झाला कॅनाल, आणि पेनाने त्यावर ३१ लिहिलं. आता हाच त्रास असलेले सायकल चालवणारे काका रिसेप्शनवर सगळ्यांसमोर बिनधास्त सांगतात, मॅडम, आज माझं एकतीस नंबर जास्त दुखतंय.