मूळ बग्गी की री-रिलीज किट? जुन्या आरसी गाड्या ओळखताना आणि उभ्या करताना काय घ्यावे

जुनी आरसी बग्गी, म्हणजे रेडिओ कंट्रोलवर पळणारी छोटी मॉडेल गाडी, हवी असेल तर तीन वाटा आहेत. १९७०-८० च्या दशकांतली मूळ गाडी, मोडकी का असेना, घेऊन उभी करायची. किंवा कंपनीने पुन्हा काढलेले री-रिलीज किट आणून कोरी गाडी जोडायची. किंवा मूळ गाडीलाच री-रिलीजचे सुटे भाग लावायचे. पळवायची की कपाटात मांडायची हे ठरले की अर्धे उत्तर मिळते. उरलेले अर्धे उत्तर एका प्रश्नावर अवलंबून आहे: त्या मॉडेलचे प्लास्टिकचे भाग आज मिळतात का? गंज निघतो, मोटर बदलता येते, बेअरिंग कुठेही मिळतात. चाक धरणारा सस्पेन्शन आर्म तुटला तर मात्र चिकटवून टिकत नाही, तो दुसराच लागतो.

आधी ओळख पटवा

तामिया या जपानी कंपनीच्या गाड्यांत किट क्रमांकापासून सुरुवात करावी. ग्रासहॉपर १९८४ ची असेल तर ५८०४३, २००५ ची असेल तर ५८३४६. हॉर्नेट मूळची ५८०४५, २००४ ची ५८३३६. फ्रॉग १९८३ ची ५८०४१, २००५ ची ५८३५४. हॉटशॉट १९८५ ची ५८०४७, २००७ ची ५८३९१. सँड स्कॉर्चर १९७९ ची ५८०१६, २०१० ची ५८४५२. रफ रायडर (५८०१५) २००९ मध्ये परत आली ती ‘बग्गी चॅम्प’ या नव्या नावाने, क्रमांक ५८४४१.

अडचण अशी की हा क्रमांक खोक्यावर आणि जोडणीच्या पुस्तिकेवर असतो. जुन्या खोक्यात नवी गाडी ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. प्लास्टिकवर अंकांत उठवलेल्या वर्षावरही भिस्त ठेवू नका. साचा जुनाच वापरला असेल तर २००५ साली ओतलेल्या भागावरही जुनेच वर्ष उमटते. विकणारा ते वर्ष दाखवून ‘ओरिजिनल’ म्हणत असेल, तर तो खोटे बोलतो असे नाही, पण त्याने काही सिद्धही होत नाही.

खरी ओळख पटते ती बदललेल्या भागांवरून. री-रिलीजच्या स्टिकरांत बऱ्याचदा जुन्या प्रायोजकांचे लोगो गायब असतात किंवा बदललेले असतात. मूळ फ्रॉगचे मागचे ड्राइव्ह शाफ्ट (चाकांना जोर पोचवणारे दांडे) षटकोनी टोकांचे होते आणि ती टोके झिजून गोल व्हायची. नव्या फ्रॉगमध्ये आडवी पिन असलेले दांडे (डॉगबोन) आणि त्या पिना बसणारे कप आले. त्याच्या जोडीला तीन फोटो मागवा: चासीची (गाडीच्या सांगाड्याची) खालची बाजू, उघडलेला गिअरबॉक्स आणि बॉडीची आतली बाजू. जुने ग्रीस मेणासारखे घट्ट आणि पिवळट झालेले असते, स्क्रूंच्या डोक्यांवर डाग असतात, पांढरे प्लास्टिक पिवळसर पडलेले असते. गाडी चकचकीत आणि ग्रीस मऊ, तर एक तर ती नवी आहे किंवा कोणीतरी नीट काम केले आहे. दुसरे असेल तर कोणते भाग बदलले याची यादी तो माणूस आपणहून देईल.

मॉडेलनुसार हिशेब

पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने ग्रासहॉपर किंवा हॉर्नेट घ्यावी. रचना सोपी, भाग भरपूर, आणि री-रिलीजचे बहुतेक भाग जुन्या गाडीला बसतात. दोघींची चासी आणि गिअरबॉक्स जवळपास सारखाच. ग्रासहॉपरला ३८० आकाराची लहान मोटर, हॉर्नेटला ५४० ची मोठी. बॉडीत मात्र मोठा फरक आहे. ग्रासहॉपरची बॉडी कडक प्लास्टिकची, बाहेरून रंगवायची. हॉर्नेटची पारदर्शक पॉलीकार्बोनेटची, आतून रंगवायची. तामियाचे टीएस रंग पहिल्या प्रकारासाठी आणि पीएस रंग दुसऱ्यासाठी. उलट केले तर पॉलीकार्बोनेटवरचा टीएस पहिल्या धडकेत पापुद्र्यांनी सुटतो, आणि कडक प्लास्टिकवर पीएस मारला तर पृष्ठभागच खाल्ला जातो. या दोन गाड्यांत मूळ आणि री-रिलीज यांच्यात निवडायचे असेल तर पळवण्यासाठी सरळ री-रिलीज घ्या. मोडकी मूळ हॉर्नेट उभी करण्याचा खर्च नव्या किटच्या वर सहज जातो.

फ्रॉगचा सल्ला वेगळा. मूळ फ्रॉग घ्या आणि तिला नवे ड्राइव्ह शाफ्ट व ते बसणारे गिअरबॉक्सचे आउटपुट घाला. मूळ गाडीला नवे भाग लावायचा मार्ग इथे सगळ्यात शहाणपणाचा ठरतो. जुने षटकोनी शाफ्ट पिशवीत घालून जपून ठेवा.

हॉटशॉट दिसायला देखणी, पण शाफ्टवर चालणारी फोर-व्हील ड्राइव्ह आणि पुढे-मागे एकेकच शॉक (धक्के झेलणारा शॉक ॲब्सॉर्बर). गिअरबॉक्सपर्यंत पोचायला गाडी जवळपास सगळी उघडावी लागते. म्हणून ‘थोडा आवाज येतो, बाकी ठीक’ अशी मूळ हॉटशॉट दिसली की किमतीत पूर्ण उघडण्याची मेहनत धरा.

सँड स्कॉर्चरमध्ये ओतीव धातू पुष्कळ, त्यामुळे प्लास्टिकची काळजी कमी आणि क्षरणाची जास्त. समुद्रकाठच्या वाळूत पळालेल्या गाडीच्या गिअरबॉक्सवर पांढरी भुकटी दिसते. ती ब्रशने निघते, खाली पडलेले खड्डे राहतात. रेडिओचा पारदर्शक डबा तडकलेला नाही ना हे पाहा. त्याचे रबरी सील कडक झालेले असणारच, तेव्हा ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द विसरा. ही एकच गाडी अशी आहे जिची जुनी, थोडी खरचटलेली प्रत कोऱ्या री-रिलीजपेक्षा कपाटात जास्त शोभते.

टीम असोसिएटेड या अमेरिकन कंपनीची आरसी१० हे वेगळेच प्रकरण. १९८४ ची ही गाडी सोनेरी ॲनोडाइज्ड (रासायनिक थर चढवलेल्या) ॲल्युमिनियमच्या टबवर, म्हणजे टबासारख्या चासीवर उभी आहे, आणि १९८५ साली डेल मार इथे झालेल्या पहिल्या वन-टेन (एक दशांश आकाराच्या) ऑफ-रोड जागतिक स्पर्धेत टू-व्हील ड्राइव्हचे विजेतेपद जे हॅल्सीने हिच्यावर मिळवले. पुढे मूळ सहा गिअरच्या ट्रान्समिशनच्या जागी तीन गिअरचे ‘स्टेल्थ’ आले. त्यामुळे सोनेरी टबमध्ये स्टेल्थ दिसले तर गाडी बनावट ठरत नाही, बहुधा तिच्या मालकाने ती सुधारत नेलेली असते.

आरसी१० च्या बाबतीत लोक हमखास चुकतात ते स्क्रूंत. ही गाडी इंची मापाची आहे. तिच्या ४-४० या इंची स्क्रूचा व्यास २.८४ मिमी, आटे दर ०.६३५ मिमीला, तर मेट्रिक एम३ चा व्यास ३ मिमी आणि आटे दर ०.५ मिमीला. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. एम३ जोर लावून बसवला की ॲल्युमिनियममधले आटे कायमचे जातात. ४-४० च्या कॅप स्क्रूला ३/३२ इंची अ‍ॅलन की लागते. २.५ मिमीची आत जात नाही, २ मिमीची आत फिरून कोपरे गोल करते. पुढच्या चाकांची बेअरिंगही इंची, ३/१६ × ३/८. टब घेताना नाकाकडचा वाकवलेला भाग तिरपा प्रकाश टाकून पाहा, भेगा तिथेच पडतात. २०१३ ची री-रिलीज मर्यादित संख्येत निघाली होती, त्यामुळे ती आता स्वस्त पर्याय राहिलेली नाही.

क्योशो या जपानी कंपनीच्या १९८५ च्या ऑप्टिमात साखळीने पुढची चाके फिरतात. साखळी ताणली गेली की जोर देताना कडकड आवाज करत दात सोडते. २०१६ मध्ये ऑप्टिमा परत आली, आणि पळवणाऱ्यासाठी तीच बरी. तामियाची अव्हान्ते (१९८८, री-रिलीज २०११) सुंदर आहे. अर्धवट भागांची मूळ अव्हान्ते मात्र पहिली गाडी म्हणून घेऊ नये.

मूळ गाडी घेतलीच तर

पाना लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. जपानी गाड्यांच्या स्क्रूंना जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. साधा फिलिप्स वर चढतो आणि खाचा खातो. प्लास्टिकात स्क्रू परत बसवताना आधी तो उलटा फिरवा. जुन्या आट्यात पडल्याचा बारीक ‘टक’ जाणवला की मग सुलटा आवळा. तसे न करता प्रत्येक वेळी नवे आटे पाडत गेलात, तर तिसऱ्या-चौथ्या खेपेला भोक सैल होते.

प्लास्टिक कोमट साबणाच्या पाण्यात, जुन्या टूथब्रशने. पॉलीकार्बोनेटला ॲसिटोन किंवा थिनर कधीही लावू नये, जाळीसारख्या भेगा पडतात. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर कॉस्टिक असलेला क्लीनर नको. सोनेरी रंग मिनिटांत उतरतो आणि परत येत नाही. वाळून ठिसूळ झालेले नायलॉन पाणी शोषले की पुन्हा चिवट होते, म्हणून नायलॉनचे आर्म काही मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवतात. हा उपाय कडक प्लास्टिकच्या बॉडीवर करू नका, ती वाकडी होईल.

गिअरबॉक्स उघडल्यावर राखाडी, चमचमणारे ग्रीस दिसले तर किटमधली मऊ पिनियन (मोटरवरचे छोटे दातेरी चाक) झिजली आहे. ती स्टीलची घाला आणि तिच्यात अडकणाऱ्या मोठ्या स्पर गिअरचे दात तपासा, कारण तीच भुकटी घासण्याच्या पावडरसारखी त्यांनाही घासत असते. प्लास्टिकच्या बुशच्या (धुरा फिरतो त्या साध्या कड्यांच्या) जागी बेअरिंग टाकणे हा कमी खर्चात सर्वांत जास्त फरक पाडणारा बदल. तामियाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना ११ × ५ × ४ मिमीची लागतात. शॉकमध्ये नवे ओ-रिंग (गोल सील) आणि ३० ते ४० वजनाचे (म्हणजे तेवढ्या घट्टपणाच्या मापाचे) सिलिकॉन तेल. शिवणयंत्राचे तेल भरले तर सिलिकॉनचे ओ-रिंग फुगतात आणि शाफ्ट अडकतो. कडक झालेल्या टायरला इलाज नाही. चकाकी आणता येते, पकड येत नाही.

वीज आणि रेडिओ

जुन्या गाडीत निकेल-कॅडमियम बॅटरी विसरलेली असेल तर पांढरी-हिरवी खपली दिसेल. ती अल्कली असते. हातमोजे घालून व्हिनेगरने पुसा, मग पाणी, मग पूर्ण कोरडे. आतून काळी पडलेली तार बदलूनच टाका, तिच्यावर सोल्डर धरत नाही.

मोटरचा वेग ठरवणारा यांत्रिक स्पीड कंट्रोलर आणि त्याचा रेझिस्टर दिसायला छान, पण रेझिस्टर इतका तापतो की शेजारचे प्लास्टिक वितळते. पळवण्यासाठी ब्रश मोटरचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आणि २.४ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ घाला. नव्या रिसीव्हरला (गाडीतल्या रेडिओच्या डब्याला) जुना सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) जोडण्याआधी प्लगमधला प्लस-मायनसचा क्रम तपासा, काही जुन्या सर्व्होंत तो वेगळा असतो आणि पहिल्याच जोडणीत सर्किट जळते. ब्रशलेस मोटर या गिअरबॉक्सना झेपत नाही. ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड पुरे. लिथियम-पॉलिमर वापरायचीच असेल तर प्रत्येक सेल ३.२ व्होल्टवर येताच वीज तोडणारा कंट्रोलर घ्या. जुन्या यांत्रिक कंट्रोलरला ही सोय नसल्यामुळे त्याच्यासोबत ती जोडूच नये.